यजमानांचा संघ आज आठवीच्या वर्गात बसला आहे

सातारा, डिसेंबर २०२५

प्रति,
२०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेसाठी यजमान भारताचा संघ ठरवणारे सर्व पदाधिकारी,
भारतीय ऑलिम्पिक संघटना, राष्ट्रीय क्रीडा महासंघ आणि केंद्र व राज्याची क्रीडा खाती

सप्रेम नमस्कार.

२६ नोव्हेंबरला ग्लासगोच्या आमसभेत २०३० ची स्पर्धा अहमदाबादला मिळाली. १९३० साली कॅनडातल्या हॅमिल्टनला सुरू झालेल्या या स्पर्धेचं ते शताब्दी वर्ष. आनंद आम्हालाही झाला. पण तेव्हापासून जे वाचतोय, ऐकतोय त्यात स्टेडियम आहेत, खेळाडूंचं गाव आहे, रस्ते आहेत, हॉटेलांच्या खोल्या आहेत, २०३६ च्या ऑलिम्पिकची दावेदारी आहे. संघ कुठंच नाही. म्हणून हे पत्र. लिफाफ्यात घालून पाठवलेल्या पत्रांना पोच मिळते, उत्तर मिळत नाही, एवढा अनुभव गाठीशी आहे. म्हणून ते उघड लिहितोय.

सातारा जिल्ह्यातल्या हायस्कुलांत मी क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी केली. आता निवृत्त आहे आणि संध्याकाळी तिरंदाजीच्या एका मैदानावर पोरांच्या पाठीमागं उभा असतो. माझी नात तिथं कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाकं आणि केबल असलेलं, धनुष्य चालवते. ती आठवीत आहे. म्हणजे यात माझा स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकलेला बरा.

आता हिशेब बघा. आज आठवीत असलेली पोर २०३० मध्ये सतरा-अठराची होईल. साताऱ्याची अदिती स्वामी ५ ऑगस्ट २०२३ ला बर्लिनमध्ये कंपाऊंडची जगज्जेती झाली तेव्हा सतरा वर्षांचीच होती. अंतिम फेरीत मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला तिनं १४९-१४७ असं हरवलं. पंधरा बाणांत एकच गुण सुटला. त्याच दिवशी पुरुषांत ओजस देवतळे जगज्जेता झाला. तो नागपूरचा, पण सराव साताऱ्यातच, अदितीच्याच मैदानावर, तिच्याच प्रशिक्षकांकडं. एकाच दिवशी दोन जगज्जेते देणारं हे मैदान उसाच्या रानात तयार झालेलं आहे. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दीपिका कुमारीनं तिरंदाजीची दोन सुवर्णपदकं घेतली तेव्हा ती सोळाची होती, आणि जमशेदपूरच्या अकादमीत ती २००६ लाच दाखल झाली होती. यजमान म्हणून जो संघ तुम्ही २०३० मध्ये मिरवणार आहात, त्यातली बरीच मुलं आत्ता कुठल्या तरी शाळेत बाकावर बसून नागरिकशास्त्राची प्रश्नोत्तरं उतरवून घेतायत. त्यांचं काय ठरवलंय, एवढाच माझा प्रश्न आहे. पुढचं सगळं त्याचाच विस्तार आहे.

पहिली तक्रार खेळांच्या यादीबद्दल.

अहमदाबादला १५ ते १७ खेळ होणार असं जाहीर झालंय. त्यातले ॲथलेटिक्स, जलतरण, टेबल टेनिस, बोल्स (हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ), वेटलिफ्टिंग, जिम्नॅस्टिक्स, नेटबॉल आणि बॉक्सिंग पक्के. तिरंदाजी, कुस्ती, नेमबाजी, हॉकी, बॅडमिंटन हे सगळे विचाराधीन. बाकीची नावं ठरवायला आता सुरुवात होतेय आणि पूर्ण यादी पुढच्या वर्षी येणार. म्हणजे बोलायची वेळ हीच आहे.

राष्ट्रकुल स्पर्धेत तिरंदाजी आजवर दोनदाच झाली. १९८२ ला ब्रिस्बेनला आणि २०१० ला आपल्याकडं. दिल्लीत आपल्याला तीन सुवर्णांसह आठ पदकं मिळाली आणि पुढच्या स्पर्धेत खेळच गायब झाला. कुस्तीचं दुखणं ताजं आहे. २०२२ ला बर्मिंगहॅमला आपले बारा मल्ल गेले आणि बाराच्या बारा पदक घेऊन परतले. २०२६ च्या ग्लासगोत कुस्तीच नाही. हॉकी नाही, नेमबाजी नाही, बॅडमिंटन नाही. ग्लासगोनं खर्च आवरण्यासाठी स्पर्धा दहा खेळांवर आणली, हे समजू शकतो. पाहुण्यांच्या घरी आपण काय बोलणार? २०३० ला मात्र घर आपलं आहे.

कंपाऊंडवाल्या मुलांचं दुखणं आणखी वेगळं आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंडला पहिल्यांदा प्रवेश मिळालाय, तोही फक्त मिश्र दुहेरीत. देशाचा एक मुलगा, एक मुलगी. बाकीच्यांनी नेम धरायचा तो कशासाठी? आशियाई स्पर्धा आणि जागतिक स्पर्धा सोडल्या तर मोठा मंच उरतो कुठं? तिरंदाजीतला बलाढ्य कोरिया राष्ट्रकुलात नाही म्हणून पदकं सोपी होतील, असं म्हणणारे भेटतील. होतील थोडी सोपी, त्यात लाज कसली? बोल्समध्ये पदकं काढायला येणारे देश असा विचार करत बसत नाहीत.

यजमानाला एखाद-दुसरा नवा किंवा पारंपरिक खेळ सुचवता येतो. आता कुणी कबड्डीचं नाव पुढं करील, कुणी खो-खोचं. खो-खो मी हयातभर शिकवला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत त्याचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष-महिला दोन्ही गटांत आपण जिंकलो, तेव्हा माझे जुने विद्यार्थी रात्री उशिरा फोन करत होते. खो-खो यावाच. पण त्याच्यासाठी जागा करायची म्हणून तिरंदाजी किंवा कुस्ती बाहेर बसवलीत, तर सातारा-सांगलीत ते कुणालाही पटणार नाही, खो-खोवाल्यांनासुद्धा.

दुसरी गोष्ट २०१० ची. तिचा अभ्यास तुम्ही केला असेलच, मी आठवण तेवढी करून देतो. मेलबर्नला २००६ मध्ये आपली ५० पदकं होती. दिल्लीत १०१ झाली, ३८ सुवर्ण. शेवटच्या दिवशी सायना नेहवालनं बॅडमिंटनचं सुवर्ण घेतलं आणि आपण इंग्लंडच्या एका सुवर्णानं पुढं जाऊन दुसरे आलो. त्याच दिवशी हॉकीत ऑस्ट्रेलियानं आठ गोल चढवले, तेही आम्ही डोळ्यांनी बघितलं. चार वर्षांनी ग्लासगोत १०१ ची ६४ झाली. तिरंदाजी आणि ग्रीको-रोमन कुस्ती वगळली होती, नेमबाजीतले जोडीचे प्रकार गेले होते, म्हणून आकडा पडला हे खरं. पण सगळी घट त्यावर ढकलता येणार नाही. गोल्ड कोस्टला ६६, बर्मिंगहॅमला ६१. म्हणजे दिल्लीत लग्नघरासारखी रोषणाई झाली आणि मांडववाल्यानं आपलं सामान उचलून नेल्यावर अंगण जसं होतं तसंच राहिलं.

आणि एक गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते, ती मी सरळच लिहितो. दिल्लीत महिलांच्या ४ बाय ४०० मीटर रिलेचं सुवर्ण आपण जिंकलं, सगळं स्टेडियम उभं राहिलं होतं. दुसऱ्याच वर्षी त्या चौघींपैकी तिघी उत्तेजक चाचणीत अडकल्या. त्या मुलींना मी दोष देत बसणार नाही. यजमानपदाची घाई, कॅम्पात हाताला लागेल ती गोळी-पावडर आणि ‘यंदा पदक पाहिजेच’ हा वरून येणारा दाब, यातून असंच निघतं. आजही गल्लोगल्लीच्या जिममध्ये काय विकलं जातं ते तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडच्या भरतीच्या पोरांनाही माहीत आहे. काय घेऊ नये, सर्दीचं औषध घेण्याआधी कुणाला विचारावं, हे मराठीत नीट सांगणारा माणूस तालुक्याच्या गावी अजून आलेला मी बघितला नाही.

तिसरी तक्रार निवडीची. इथं मी जरा जास्त बोलणार आहे.

आमच्या जिल्ह्याला निवडीचा इतिहास शिकवावा लागत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदकविजेते. १९४८ ला लंडनमध्ये ते सहावे आले होते. तरीही १९५२ च्या हेलसिंकीच्या संघात त्यांचं नाव आधी नव्हतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि ती त्यांनी मारली. मग प्रश्न आला पैशाचा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, गावानं वर्गणी काढली. पदक घेऊन आल्यावर कराडला दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीत आपण कुणीच कमी पडत नाही. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीत २०१० च्या कुस्त्या ज्या हॉलमध्ये झाल्या त्याला त्यांचं नाव आहे, आणि गोळेश्वरचं कुस्ती संकुल रखडलं म्हणून २०१७ मध्ये त्यांच्या घरच्यांना ते पदक लिलावात काढण्याचा इशारा द्यावा लागला.

१९५२ ला दाद मागायला निदान एक महाराज होते. आज आमच्या मुलीनं कुणाकडं जायचं?

माझ्या हाताखालच्या एका मुलीची गोष्ट सांगतो. संघटनेचं नाव घेत नाही, कारण हे एकाच ठिकाणी घडतं असं नाही. परराज्यातल्या निवड चाचणीचं पत्र आलं ते व्हॉट्सॲपवर, कुणीतरी फॉरवर्ड केलेलं, चाचणीच्या अगदी तोंडावर. रिझर्वेशन मिळणं शक्यच नव्हतं. कंपाऊंडची पेटी काखेत मारता येत नाही. एसटीत कंडक्टर तिचं लगेज तिकीट फाडतो आणि स्टेशनवर पोलीस ती उघडून बघतात, त्यांचं चूक नाही, आत चाकं, केबल आणि टोकदार बाण दिसतात. पोरगी आणि तिचे वडील जनरलच्या डब्यात त्या पेटीवर आळीपाळीनं बसून गेले. पोचल्यावर कळलं, चाचणीचं मैदान बदललंय. बाण मारायला उभी राहिली तेव्हा तिची बोटं थरथरत होती. निकाल तोंडी सांगितला. गुणपत्रक मागितलं तर ‘नंतर मेल करू’. ती मेल अजून वाटेतच असावी.

ती मुलगी निवडीला पात्र होती असा माझा दावा नाही. त्या दिवशीचे तिचे गुण कमीच असतील. पण गुण किती आणि कटऑफ किती, एवढं कळायचा तिला हक्क आहे की नाही? हरलेल्या खेळाडूला आकडा हातात मिळाला की तो दुसऱ्या दिवशी सरावाला येतो. आकडा मिळाला नाही की वडील म्हणतात, ‘आपलं काम नव्हे हे, तिथं ओळख लागते.’ असे किती वडील म्हणाले असतील!

गेल्या ऑगस्टमध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. वाद ऐकायला न्यायाधिकरण येणार आहे. चांगलं आहे. पण त्याचा दरवाजा दिल्लीत असेल आणि फाइल इंग्रजीत असेल, तर तो आमच्यासाठी बंदच म्हणायचा.

मैदान आणि साहित्य यांबद्दल एकच उदाहरण देतो. कंपाऊंडला पन्नास मीटरवर टार्गेट असतं. पावसाळ्यात टार्गेटचा फोम भिजतो, मधला भाग भुसभुशीत होतो आणि चांगला बसलेला बाणसुद्धा आरपार जाऊन बांधापलीकडच्या उसात शिरतो. मग सराव थांबतो. मुलं सरीत गुडघ्यावर बसून पाचट हातानं बाजूला सारत बाण शोधतात. उसाचं पान ब्लेडसारखं कापतं, म्हणून आमच्याकडची पोरं उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतात. बाण सापडला की आधी वाकवून, कानाशी धरून बघतात. कार्बनला तडा गेला असेल तर बारीक करकर ऐकू येते. तडा असलेला बाण परत लावला तर हातात फुटू शकतो. एकेक बाण हजारोंचा आणि पूर्ण संच लाखांत. सोसायटीचं कर्ज काढून धनुष्य घेतलेली घरं मी ओळखतो. अशा घरची मुलगी बाण शोधताना अंधार पडेपर्यंत उसातून बाहेर येत नाही.

आणि ज्याला तालुका क्रीडा संकुल म्हणायचं, तिथं कधी प्रदर्शन असतं, कधी सभा, कधी लग्न. दुसऱ्या दिवशी धावपट्टीवर मांडवाचे खड्डे आणि पत्रावळ्या. त्यावर जास्त लिहायची इच्छा नाही.

सांगलीकडं बघा. कवठेपिरानच्या मारुती मानेंनी १९६२ ला जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि रौप्य दोन्ही आणलं. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी २०२३ मध्ये सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य घेतलं. बर्मिंगहॅमला भारताचं पहिलं पदक आणलं ते सांगलीच्या संकेत सरगरनं, ज्याच्या घरची पानटपरी आहे. २४८ किलो उचलले, एका किलोनं सुवर्ण गेलं, तेही कोपर दुखावलेलं असताना. त्याचा ५५ किलोचा वजनगट आता आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंगमध्ये उरलेलाच नाही, सगळ्यात खालचा गट ६० चा झालाय. हे बदल वर होतात तेव्हा खाली, तालमीत आणि जिममध्ये, पोरांना कधी कळतात? महिने जातात. चौदा वर्षांच्या पोराचं वजन कुठल्या गटाकडं न्यायचं, हे आजच ठरवावं लागतं. आमच्या बहुतेक तालमींत अजून लाल माती आहे. मातीवर माझं प्रेम आहे, पण २०३० ला कुस्ती झालीच तर ती गादीवर होणार. गावोगावच्या पोरींना अंगाला गादी लागते ती स्पर्धेच्या दिवशीच.

प्रशिक्षकांबद्दल दोन वाक्यं. मानधनावर, अकरा महिन्यांच्या करारावर माणसं ठेवायची आणि त्यांच्याकडून पाच वर्षांनी उभं राहणारं पोर मागायचं, हे जमत नाही. आमच्याकडचा एक चांगला मार्गदर्शक आता पतसंस्थेत वसुलीचं काम करतो.

मागण्या अशा आहेत.

तिरंदाजी (रिकर्व्ह, म्हणजे बिनचाकांचं धनुष्य, आणि कंपाऊंड दोन्ही) आणि कुस्ती २०३० च्या कार्यक्रमात असावी अशी लेखी भूमिका तुम्ही घ्या आणि ती जाहीर करा. यजमान म्हणून कुठल्या खेळाचा आग्रह धरला आणि कुठला सोडला, हे देशाला कळू द्या.

२०२६ ते २०३० च्या निवड चाचण्यांचं वेळापत्रक एकदाच छापा. ठिकाण, निकष, कटऑफ आधी. प्रत्येक खेळाडूचे गुण त्याच दिवशी संध्याकाळी, मराठीसह सगळ्या भाषांत. बदल करायचा असेल तर महिनाभर आधी सांगा. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या आठवड्यांत चाचणी ठेवू नका, एवढं तर कॅलेंडर बघूनही जमेल. तक्रार जिल्ह्याच्या ठिकाणी, मराठीत देता आली पाहिजे. आणि वयाचे खोटे दाखले आधी पकडा, नाहीतर चौदाच्या पोरासमोर सतराचं पोर उभं राहतं आणि आमचं खरं पोर घरी बसतं.

मुलांना चौदाव्या वर्षी घरातून उचलून अहमदाबादला नेऊ नका. प्रशिक्षक जिथं आहेत तिथंच केंद्र द्या. साताऱ्यात तिरंदाजीचं, सांगलीत कुस्ती आणि वेटलिफ्टिंगचं. पक्क्या गाद्या द्या, छप्पर असलेली टार्गेटची रांग द्या, आणि धनुष्य-बाण उसने मिळतील अशी साहित्यपेढी काढा. प्रशिक्षकांचे करार थेट २०३० पर्यंत करा. याच केंद्रांत दिव्यांग खेळाडूंना वेगळा अर्ज न करता सराव करता यावा. स्पर्धेत त्यांची पदकं त्याच तक्त्यात धरली जातात, मग सरावाला वेगळं दार कशाला?

उत्तेजकांबद्दल मराठीत प्रशिक्षण द्या, शिक्षकांना आणि आयांना आधी. डबा त्या भरतात.

यातली एकही मागणी नव्या स्टेडियमएवढी महाग नाही. तरीही पैसे नाहीत असं उत्तर आलं, तर कुठल्या कामाला आहेत तेही सोबत लिहा.

उत्तर वर्तमानपत्रातून दिलंत तरी चालेल, पण मार्चअखेरपर्यंत द्या. आमच्याकडं एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा संपते आणि त्याच आठवड्यात नववीत जाणाऱ्या मुलामुलींचे आईवडील ठरवतात की साठवलेल्या पैशातून दहावीचा क्लास लावायचा की धनुष्य घ्यायचं.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
सातारा